घरच्या दुर्बिणीतून सूर्यावरचे डाग : बेळगाव-खानापूर भागासाठी

नवी दुर्बीण घरी आली की पहिले काही महिने चंद्राचे खड्डे, गुरूचे चंद्र आणि शनीची कडी यांतच जातात. मग पावसाळा लागतो आणि दुर्बीण कपाटावर चढते. खानापूर, जांबोटी, कणकुंबी या घाटाकडच्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर तारा दिसणे मुश्किल. सूर्य मात्र अधूनमधून डोकावतो, आणि त्याला बघायला अंधार लागत नाही, जागरण लागत नाही, गावाबाहेर जावे लागत नाही. सकाळी कामाला निघण्याआधीची वीस मिनिटे पुरतात. शिवाय शनी आज जसा दिसतो तसाच महिन्याने दिसतो. सूर्याचा चेहरा मात्र रोज वेगळा असतो.

पण आकाशातली हीच एक वस्तू अशी आहे की जी बघताना झालेली चूक दुरुस्त करता येत नाही. म्हणून आधी त्याबद्दल सविस्तर लिहितो.

भिंगाने वाळलेले पान पेटवण्याचा खेळ आपण सगळ्यांनी केला आहे. उन्हात आपली बाहुली साधारण ३ मिलिमीटर असते. ७० मिलिमीटरची साधी दुर्बीण त्यापेक्षा पाचशे पटींहून जास्त प्रकाश गोळा करते. तो डोळ्यात गेला तर पापणी मिटायच्या आत दृष्टिपटल भाजते. आणि दृष्टिपटलाला वेदना कळत नाहीत. भाजल्याचे त्या क्षणी समजतच नाही. काही तासांनी नजरेच्या मधोमध काळा ठिपका दिसू लागतो, तेव्हा कळते. ‘एक क्षणच बघतो’ याला सूर्याच्या बाबतीत काही अर्थ नाही.

‘मी सावध राहीन’ यावर विसंबू नका, असे मी प्रत्येकाला सांगतो. सावध माणूसही घाईत असतो, त्याला कोणी हाक मारते, फोन वाजतो. सगळी मांडणीच अशी हवी की तुम्ही विसरलात तरी ऊन डोळ्यापर्यंत पोचू नये. हे मला माझ्या चुकीतून समजले. पहिल्या वर्षी मी पुढच्या तोंडावर फिल्टर नीट बसवला होता, पण नळीवरच्या लहान फाइंडरचे, म्हणजे नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीचे, झाकण लावायचे राहिले. आयपीसमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या भिंगात, वाकून बघत असताना कानामागे चटका बसला. फाइंडरमधून निघालेले ऊन तिथे एकवटले होते. त्या दिवशी शेजारचा सहा-सात वर्षांचा मुलगा माझ्या बाजूलाच उभा होता, आणि त्याचा चेहरा बरोबर फाइंडरच्या उंचीवर होता. त्यानंतर मी सूर्यासाठी दुर्बीण बाहेर काढली की फाइंडर स्क्रू सोडवून घरातच ठेवतो. झाकण पडू शकते. घरात ठेवलेला फाइंडर काही करू शकत नाही. लाल ठिपक्याचा फाइंडर असेल तर तोही काढा, कारण त्यातून बघणे म्हणजे सूर्याकडे थेट बघणेच.

काय वापरायचे नाही

स्वस्त दुर्बिणीच्या खोक्यात कधीकधी आयपीसमध्ये बसवायची एक छोटी काळी काच येते, तिच्यावर ‘सन’ असे लिहिलेले असते. ती फोडून कचऱ्यात टाका, कुणाला देऊसुद्धा नका. सगळे ऊन एकवटून जिथे येते, नेमकी तिथेच ती बसते. उष्णतेने तडकते, आणि तडकते तेव्हा तुमचा डोळा तिच्या मागे असतो.

एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, सीडी, गॉगल, दोन-तीन गॉगल एकावर एक, यातले काहीही नाही. ग्रहणाच्या दिवशी परातीतल्या पाण्यात सूर्य बघायची रीत आपल्याकडे अजून आहे. तीही सुरक्षित नाही, पाणी पुरेसे ऊन अडवत नाही.

बेळगावात वेल्डिंगच्या काचेबद्दल हमखास विचारणा होते. उद्यमबागेत फाउंड्री आणि फॅब्रिकेशनची एवढी कामे चालतात की घराघरात कुणी ना कुणी ती काच आणून देऊ शकतो. पण कामावर वापरतात ती बहुतेक १० किंवा ११ नंबरची असते. नुसत्या डोळ्यांनी सूर्य बघायला १४ नंबरची लागते, त्याखालची चालत नाही. आणि दुर्बिणीला तर कुठल्याही नंबरची काच लावायची नाही. ग्रहणाच्या चष्म्याचेही तसेच: तो नुसत्या डोळ्यांसाठी आहे. चष्मा घालून दुर्बिणीत बघितले तर एकवटलेले ऊन त्याची फिल्म जाळून आत जाते.

पहिली पद्धत : पुढच्या तोंडावर फिल्टर

ऊन दुर्बिणीत शिरण्याआधीच अडवायचे, हे यातले मुख्य सूत्र. त्यासाठी खास सौर फिल्म मिळते. बाडर कंपनीची अ‍ॅस्ट्रोसोलर फिल्म जगभर वापरली जाते. तिचे दोन प्रकार आहेत. घनता ५.० असलेली फिल्म प्रकाशाचा फक्त एक लाखावा भाग आत सोडते; डोळ्याने बघायला हीच. ३.८ घनतेची फिल्म फक्त फोटोसाठी असते, तिच्यातून डोळ्याने बघायचे नाही. मागवताना हा आकडा दोनदा तपासा.

फिल्टरची चौकट घरी करता येते. गणपतीच्या आराशीसाठी पुठ्ठा कापून सरावलेले हात आपल्याकडे कमी नाहीत. दुर्बिणीच्या नळीच्या तोंडाभोवती आधी कागदाचा एक वेढा द्या, म्हणजे नंतर चौकट काढता-घालता येईल. त्यावर पाचेक सेंटिमीटर रुंदीची पुठ्ठ्याची पट्टी फेव्हिकॉल लावत तीन-चार वेढे गुंडाळा आणि रात्रभर वाळू द्या. ही झाली गळपट्टी. मग जाड पुठ्ठ्याची दोन सारखी कडी कापा. आतले भोक दुर्बिणीच्या तोंडाएवढे, बाहेरचा घेर गळपट्टीएवढा. एका कड्यावर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावा, फिल्म टेबलावर पातळ कागदावर सपाट पसरा आणि कडे वरून हलकेच टेकवा. दुसरे कडे वरून चिकटवले की फिल्म मध्ये अडकते. ती ताणू नका. पापडासारखी थोडी सैल, सुरकुतलेली राहिली तरी चित्र बिघडत नाही. ताणली तर मात्र बिघडते. शेवटी ही जोडकडी गळपट्टीवर पक्की चिकटवा.

आरशाची १३० मिलिमीटरची दुर्बीण असेल तर तिच्या मोठ्या झाकणात बऱ्याचदा आणखी एक छोटे झाकण असते. ते उघडले की पाचेक सेंटिमीटरचे भोक मिळते. तेवढ्यावर फिल्म लावली तरी डाग उत्तम दिसतात, आणि फिल्मही कमी लागते. मात्र मोठे झाकण वाऱ्याने निघणार नाही, याची खात्री करा.

दर वेळी लावण्याआधी फिल्म खोलीत टॉर्चसमोर धरून बघा. टाचणीच्या टोकाएवढी भोके, चरे, सोललेला भाग दिसला तर ती फिल्म बाद. थोडी शिल्लक फिल्म जपून ठेवली असेल तर नवी चौकट अर्ध्या तासात होते, तेव्हा हळहळ करू नका.

आता क्रम. फाइंडर घरात. दुर्बीण सूर्याकडे पाठ करून उभी. फिल्टर लावा, आणि वर तीन ठिकाणी चिकटपट्टी मारा. आपल्याकडचा पश्चिमेचा वारा मे महिन्यापासून जोर धरतो, आणि एक झोत पुरे होतो. चौकट हलकेच ओढून बघा. मगच नळी सूर्याकडे वळवा. संपल्यावर बरोबर उलटे: आधी नळी सूर्यापासून दूर, मग फिल्टर काढायचा. हा क्रम मी दुर्बिणीच्या तिपाईवर कागद चिकटवून लिहून ठेवला आहे.

फाइंडर नसताना सूर्य सापडणार कसा? जमिनीवर पडलेल्या नळीच्या सावलीकडे बघा. नळी तिरकी असली की सावली लांबट पडते. हळूहळू फिरवत सावली लहान, आणखी लहान करत न्या. ती अगदी गोल, नळीच्या जाडीएवढीच झाली की सूर्य आयपीसमध्ये आला. सर्वांत कमी शक्तीच्या आयपीसने, म्हणजे २० किंवा २५ मिलिमीटरच्या, सुरुवात करा. सूर्याची कडा धारदार दिसेपर्यंत फोकस करा. कडा नीट जमली की डाग आपोआप स्वच्छ होतात. ४० ते ६० पट शक्तीत पूर्ण बिंब मावते. हवा शांत असेल तर १०० पटीपर्यंत जा, त्यापुढे आपल्याकडच्या उन्हात फारसे काही मिळत नाही.

दुसरी पद्धत : कागदावर बिंब पाडणे

शाळेसाठी, अंगणातल्या गर्दीसाठी मला हीच आवडते, कारण एका वेळी दहा जण बघतात आणि दुर्बिणीत कुणीच बघत नाही. आयपीसमधून बाहेर पडणारे बिंब पांढऱ्या कागदावर घ्यायचे. यात फिल्टर नसतो, म्हणून नळीच्या मागे निघणारे ऊन खरोखर जाळणारे असते, हे विसरू नका.

ही पद्धत फक्त लहान, भिंगाच्या दुर्बिणीसाठी. ६० किंवा ७० मिलिमीटरची असेल तर उत्तम. त्याहून मोठी असल्यास पुढे काळ्या पुठ्ठ्याला ५० मिलिमीटरचे भोक पाडून लावा. आरशाच्या आणि बंद नळीच्या मोठ्या दुर्बिणींत आत उष्णता साठून भाग खराब होतात, त्या वापरू नका. आयपीस साधा, स्वस्तातला, दोन सुट्या भिंगांचा घ्या. महागड्या आयपीसमधली भिंगे एकमेकांना चिकटवलेली असतात, आणि उष्णतेने तो चिकटवलेला थर खराब होतो. प्लास्टिकचा आयपीस वितळतो. दोन-तीन मिनिटे बघून झाले की नळी बाजूला वळवा, थंड होऊ द्या.

कागद किती अंतरावर धरायचा? समजा दुर्बिणीची नाभीय लांबी (मुख्य भिंगापासून चित्र जुळते तिथपर्यंतचे अंतर) ७०० मिलिमीटर आणि आयपीस २० मिलिमीटरचा. मग आयपीसपासून अर्ध्या मीटरला थोडे कमी अंतर ठेवले की बिंब १५ सेंटिमीटरचे पडते. चित्र काढायला हा आकार सोयीचा. कागद दूर नेला तर बिंब मोठे होते पण फिके पडते.

खरी काळजी घ्यायची ती आयपीस आणि कागद यांच्यामधल्या रिकाम्या जागेची. मुले तिथे डोके घालतात, हमखास घालतात. म्हणून ती जागा बंद करा. पुठ्ठ्याचे लांबट खोके घ्या, आतून काळा कागद लावा, तळाला पांढरा ड्रॉइंग पेपर. एका टोकाला आयपीसपुरते भोक, आणि बाजूला तळाजवळ हात मावेल एवढी खिडकी. खिडकीतून कागद दिसतो, पण डोळा आयपीससमोर नेता येत नाही. सावलीमुळे बिंबही उठावदार दिसते. खानापूर तालुक्यातल्या एका गावात शाळेच्या अंगणात हे खोके लावले होते, तेव्हा नातवाला पोचवायला आलेल्या आजींनी खिडकीतून बघून विचारले, “सूर्याला बी डाग असत्यात व्हय रं बाळा?” मी त्यांना मोहरीचा दाणा दिला आणि कागदावर ठेवायला सांगितला. सूर्याचा व्यास पृथ्वीच्या १०९ पट आहे. १५ सेंटिमीटरच्या बिंबावर पृथ्वी दीड मिलिमीटरसुद्धा भरत नाही. त्या दिवशीचा मोठा डाग मोहरीहून मोठा होता. आजी बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या.

दुर्बीण उन्हात एकटी सोडून पाणी प्यायलाही जायचे नाही. मुलांबरोबर असाल तर एक मोठे माणूस दुर्बिणीपाशी आणि दुसरे रांगेपाशी, एवढी माणसे असतील तरच मांडा.

कुठे उभे राहायचे, कधी

दुर्बीण कितीही चांगली असली तरी मधली हवा उकळत असेल तर डाग लोणी वितळल्यासारखे हलतात. स्लॅबच्या गच्चीवर, पत्र्याच्या शेजारी, डांबरी रस्त्याकडेला मांडू नका. गवत किंवा ओले भातशेत पायाखाली असेल तर फरक लगेच दिसतो. उदयपूरची सौर वेधशाळा फतेहसागर तलावातल्या बेटावर बांधली ती याच कारणाने: पाण्यावरची हवा उन्हात जमिनीवरच्या हवेइतकी खवळत नाही. आपण बेट आणणार नाही, पण गावाच्या तळ्याचा पश्चिम काठ गाठू शकतो. सकाळी सूर्य पूर्वेला असतो, म्हणजे नजर पाण्यावरूनच जाते.

वेळ साडेआठ ते दहा. त्याआधी सूर्य फार खाली असतो, आणि हिवाळ्यात बेळगावचे धुके उठलेले नसते. दहानंतर जमीन तापते. ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. चिकोडी, रायबाग, अथणीकडे उसाचा हंगाम सुरू झाला की पाचट जाळल्याचा धूर सकाळी खाली बसलेला असतो. अशा वेळी थोडे उशिरा मांडा. पण त्याच अथणीला पावसाळ्यात घाटाकडच्यापेक्षा पाऊस कितीतरी कमी, त्यामुळे कणकुंबीचा माणूस छत्रीत असताना अथणीचा माणूस जुलैतही डाग मोजू शकतो. मार्च-एप्रिलमध्ये सकाळ साधा, दुपारी वळवाचे ढग येतात.

काय दिसते

डाग काळा दिसतो, पण तो विझलेला नसतो. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस, डागाचा गाभा साधारण ३,५०० ते ४,००० अंश. भोवतालच्या झगमगाटात तो काळा वाटतो एवढेच. तिथे चुंबकीय क्षेत्र इतके तीव्र असते की खालून वर येणारी उष्णता अडते. डागांत चुंबकत्व असते हे अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज हेल यांनी १९०८ मध्ये दाखवले.

मोठ्या डागाचे दोन भाग नीट बघा: मधली गडद प्रच्छाया आणि भोवतीची करडी, झालरीसारखी उपच्छाया. १९०९ मध्ये इंग्रज खगोलशास्त्रज्ञ जॉन एव्हरशेड यांनी उपच्छायेत वायू बाहेरच्या दिशेने वाहतो हे शोधले, तेही आपल्या दक्षिणेतल्या कोडईकनालच्या वेधशाळेत. बिंबाच्या कडेला डाग असेल तर त्याच्या आसपास फिकट, उजळ रेषा दिसतात. मधल्या भागापेक्षा बिंबाची कडा मंद दिसते, तो दुर्बिणीचा दोष नव्हे. हवा फारच शांत असेल तर फिल्टरमधून सगळा पृष्ठभाग भिजवलेल्या साबुदाण्यासारखा रवाळ दिसतो. तो एकेक दाणा साधारण हजार किलोमीटरचा.

सूर्यावर लाल ज्वाळा का दिसत नाहीत, असे बरेच जण विचारतात. त्यासाठी हायड्रोजनच्या लाल प्रकाशाची वेगळी, महागडी दुर्बीण लागते. डागांना ती लागत नाही.

वही

नुसते बघण्यापेक्षा नोंद ठेवा. कोडईकनालला १९०४ पासून सूर्याची पांढऱ्या प्रकाशातली रोजची छायाचित्रे घेतली जात आहेत, आणि तिथली दुर्बीण अवघ्या सहा इंची भिंगाची. शंभर वर्षांपूर्वी काचेवर घेतलेली ती छायाचित्रे आज संशोधक पुन्हा तपासतात. आपल्या वहीचेही मोल रोजच्या नोंदींतच आहे.

खडेबाजारातल्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानातून कोरी ड्रॉइंगची वही आणा आणि कंपासने १५ सेंटिमीटरची वर्तुळे आधीच काढून ठेवा. खोक्यातल्या कागदावरही तेवढेच वर्तुळ. डाग पेन्सिलने टिपा, गाभा गडद, झालर फिकी. तारीख, वेळ, आयपीस, हवेची अवस्था लिहा. इतर देशांतल्या नोंदींशी ताडायचे असेल तर आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा करून जागतिक वेळ (UTC) लिहा.

दिशा लिहायला चुकू नका, आणि डावे-उजवे यावर मुळीच विसंबू नका. एक तर दुर्बीण चित्र उलटवते. दुसरे म्हणजे बेळगाव १५.८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य भर माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो, आणि तिथून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपासपर्यंत माध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. त्या तीन महिन्यांत दुपारी सूर्याकडे तोंड केले की पूर्व उजव्या हाताला येते. म्हणून दिशा अशी काढा: दुर्बीण हलवू नका, बिंब सरकू द्या. ज्या बाजूला सरकते ती पश्चिम. बिंब आपल्या रुंदीएवढे सरकायला सुमारे दोन मिनिटे घेते. मग नळी किंचित उत्तरेकडे ढकला. बिंबाची जी कडा आधी दृष्टीबाहेर जाते ती दक्षिण.

डाग मोजण्याची रीत स्विस खगोलशास्त्रज्ञ रुडॉल्फ वुल्फ यांनी १८४८ मध्ये घालून दिली आणि ती आजही चालते. डागांचे समूह मोजा, त्याला दहाने गुणा, त्यात सुट्या डागांची एकूण संख्या मिळवा. तीन समूह आणि सगळे मिळून बारा डाग असतील तर ४२. एकटा डाग हाही एक समूह, म्हणून त्याचे ११. कुठे एक समूह संपतो आणि दुसरा सुरू होतो यावर सुरुवातीला गोंधळ होईल. महिनाभरात नजर बसते. आकडा दुसऱ्याशी जुळला नाही म्हणून बदलू नका. तुमची दुर्बीण, तुमची हवा, तुमचा आकडा.

हे आकडे साधारण अकरा वर्षांच्या चक्रात चढतात-उतरतात. सध्याचे २५वे चक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाले. मे २०२४ मधला १३६६४ क्रमांकाचा डागसमूह पृथ्वीच्या व्यासाच्या पंधरापट पसरला होता. त्याच्यामुळे उठलेल्या सौरवादळाने लडाखमधल्या हानले इथले आकाशही लाल झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये चक्र शिखराच्या टप्प्यात पोचल्याचे नासाने जाहीर केले. यापुढे डाग कमी होत जातील आणि विषुववृत्ताच्या जवळ सरकतील. एखाद्या दिवशी बिंब कोरे दिसले तर वहीत शून्य लिहा, पान मोकळे सोडू नका. न बघितलेला दिवस आणि डाग नसलेला दिवस या दोन वेगळ्या नोंदी आहेत.

सूर्य आपल्याला सुमारे २७ दिवसांत एक फेरी पूर्ण करताना दिसतो. पूर्व कडेला उगवलेला डाग साधारण साडेतेरा दिवसांनी पश्चिम कडेला मावळतो. मोठा डाग कडेवर पोचला की त्याचे शेवटचे चित्र काढा, आणि त्याच पानावर चौदा दिवसांनंतरची तारीख लाल पेनाने लिहून ठेवा. त्या सकाळी पूर्व कडा आधी बघा. डाग टिकला असेल तर तिथे परत आलेला दिसेल, थोडा झिजलेला, कडेमुळे चपटा झालेला.